गोवा मेडिकल कॉलेज (गोमेकॉ), बांबोळी (इमर्जन्सी आणि सर्जरी वॉर्ड) : बाबांचा अल्सर फुटला तेव्हाचा अनुभव

पोटाच्या इमर्जन्सी ऑपरेशनसाठी गोव्यात कुठे न्यायचं असं कुणी विचारलं तर मी आता डोळे झाकून बांबोळीचं गोमेकॉ सांगते. का सांगते ते जरा सविस्तर लिहिते, कारण "सरकारी असून चांगलं आहे" एवढंच लिहून वाचणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. माझ्या बाबांचा अल्सर फुटला, आतलं सगळं पोटभर पसरलं, म्हणजे परफोरेशन आणि त्यातून पेरिटोनायटिस (पोटाच्या आतल्या अस्तराचं इन्फेक्शन), आणि त्याचं ऑपरेशन आम्ही तिथे करून घेतलं. बाबा आता ठणठणीत आहेत, काल स्वतः बाजारात जाऊन बांगडे घेऊन आले.

आम्ही डिचोलीचे. बाबा आधी खाणीच्या ट्रकवर होते, २०१२ ला खाणी बंद पडल्या तेव्हापासून मिळेल तिथे ड्रायव्हिंग करतात. एवढी वर्षं क्लच दाबून दाबून गुडघे गेलेत त्यांचे, त्यामुळे मेडिकलमधून पेनकिलरची पट्टी आणायची आणि सकाळी चहाबरोबर रिकाम्या पोटी एक गोळी टाकायची असं कित्येक महिने चाललेलं. वर विडी. मधेमधे पोटात जळजळ व्हायची, मग अ‍ॅसिडिटीची पुडी पाण्यात घालून प्यायचे आणि काहीतरी खाल्लं की बरं वाटायचं. पुढे डॉक्टरांनी सांगितलं की खाल्ल्यावर बरं वाटतं हे ड्युओडेनमच्या, म्हणजे जठराला लागून जो आतड्याचा पहिला भाग असतो तिथल्या अल्सरमधे बऱ्याचदा दिसतं.

त्या दिवशी संध्याकाळी सातच्या बातम्या लागल्या आणि बाबांच्या पोटात वरच्या बाजूला एकदम कळ आली. एकदम म्हणजे एकदम, आधी काही नाही आणि पुढच्या क्षणाला माणूस खुर्चीतून खाली. दुखणं सुरू झालेली वेळ पेशंटला अशी नेमकी सांगता येणं हीसुद्धा परफोरेशनची खूण आहे म्हणे. आम्ही त्यांना जवळच्या एका खाजगी दवाखान्यात नेलं, नाव लिहीत नाही, तिथे पोटाला नीट हातसुद्धा न लावता गॅस आहे म्हणून दोन इंजेक्शनं दिली, त्यातलं एक पेनकिलरचं, आणि घरी पाठवलं. आता यातली फसवी गोष्ट अशी की नऊदहाच्या सुमाराला बाबांना खरंच थोडं बरं वाटायला लागलं. आईला वाटलं उतरलं. गोमेकॉत नंतर कळलं की इंजेक्शन नसतं दिलं तरी काही तासांनी असं होऊ शकतं, सुरुवातीला अ‍ॅसिडने आतलं अस्तर भाजतं ती पहिली कळ, मग शरीर पोटात पाणी सोडतं, अ‍ॅसिड पातळ होतं आणि दुखणं जरा कमी होतं, पण भोक तसंच उघडं असतं आणि जंतू वाढायला लागलेले असतात. हा मधला वेळ माणसं घरीच काढतात.

रात्री एकनंतर ताप भरला, उजवा खांदा दुखतोय म्हणायला लागले, आणि हलेचनात. पोटदुखीचा माणूस सहसा तळमळतो, कूस बदलतो, पाय पोटाशी घेतो. बाबा उताणे पडून राहिले, कुणी खाटेला धक्का लावला तरी कळवळत होते. १०८ ला फोन केला. ही सेवा गोव्यात २००८ पासून आहे आणि फुकट आहे, तरी अजून लोक आधी भाड्याची गाडी शोधतात. गाडीतल्या मुलाने बीपी, पल्स बघून लगेच सलाईन लावली, ऑक्सिजन लावला आणि आईला स्पष्ट सांगितलं, "काकी, पाण्याचा थेंबसुद्धा देऊ नका." मधे कुठेतरी छोट्या ठिकाणी थांबू का असं मी विचारलं तर म्हणाला रात्रीचा सर्जन, भूल देणारा डॉक्टर आणि ओटी (ऑपरेशन थिएटर) तिन्ही लागणार, सरळ बांबोळीलाच जाऊया. अमोणा पूल, माशेल, बाणस्तारी, जुने गोवे करत पोचलो. त्या मुलाचे आभार मानायचे राहिले, ते इथे मानते.

इमर्जन्सीबद्दल. स्ट्रेचर आत गेल्या गेल्या सर्जरीची एक ज्युनिअर डॉक्टर आली, वयाने माझ्याहून लहान असेल. तिने आधी बाबांना खोकायला सांगितलं. त्यांना खोकताच येईना, नुसता श्वास अडकला. मग तळहात कोमट करून पोटावर सपाट ठेवला, हळूच. पोट लाकडी फळीसारखं झालेलं. तिने स्टेथोस्कोप लावून बराच वेळ ऐकलं, काहीच आवाज नाही. आतडी हलायची थांबली होती. तपासणी संपायच्या आधीच सिस्टर दोन्ही हातांना सलाईन लावत होत्या, रक्त घेतलं, लघवीची नळी घातली, नाकातून पोटात राइल्स ट्यूब घातली आणि त्यातून हिरवट पाणी बाहेर यायला लागलं. हे बघवत नाही हो, पण त्या नळीने जठर रिकामं राहतं आणि भोकातून आणखी काही पोटात जात नाही, म्हणून ती सगळ्यात आधी.

मग एक्सरे. छातीचा, उभं किंवा बसवून काढतात, आम्हाला वाटलं पोट दुखतंय तर छातीचा कशाला. त्या डॉक्टरने फिल्म मला दाखवली, यकृताच्या वर उजवीकडे, छाती आणि पोटाच्या मधल्या पडद्याच्या खाली, काळी बारीक कोर. "ही हवा आहे. ती आतड्याच्या आत असायला हवी, बाहेर आलीय म्हणजे कुठेतरी भोक आहे." खांदा का दुखत होता तेही तेव्हा कळलं, पडद्याला चिडवलं की त्याच नसेवरून खांद्याला कळ जाते. सगळ्याच पेशंटमधे ही हवा एक्सरेत दिसत नाही, तेव्हा सीटी स्कॅनमधे सापडते. बाबांचा एक्सरेच इतका स्पष्ट होता की सीटीसाठी वेळ घालवला नाही, अँटिबायोटिक सुरू केली, सलाईनच्या बाटल्या भराभर सोडल्या, लघवी किती होतेय ते तासातासाला मोजत राहिले आणि तोवर ओटी तयार.

माझ्यासाठी या हॉस्पिटलचं खरं काम इथे दिसलं. कन्सेंटचा कागद पुढे करून "इथे सही करा" असं कुणी म्हटलं नाही. सिनिअर रेसिडेंटने स्टूल ओढून आईसमोर बसून कोकणी मराठी मिसळून सगळं सांगितलं. अल्सर फुटला असण्याची शक्यता जास्त, पण पोट उघडून बघितल्याशिवाय नक्की नाही. भोक जठरात किंवा ड्युओडेनमला असेल तर टाके घालून बंद करू. लहान आतड्याला असेल आणि आतडं खराब झालं असेल तर तेवढा तुकडा काढून जोडू. जोडणं धोक्याचं वाटलं तर आतड्याचं तोंड काही महिन्यांसाठी पोटावर बाहेर काढून पिशवी लावावी लागेल. मोठं आतडं असेल तर पिशवीची शक्यता आणखी जास्त, कारण तिथून शी पोटात सांडते आणि इन्फेक्शन फार वाईट असतं. जिवाला धोका किती हेही सांगितलं, लपवलं नाही. आईने एकच प्रश्न विचारला, सकाळपर्यंत थांबलं तर? तो म्हणाला, "काकी, याच्यात प्रत्येक तास मोजायचा असतो." मी नंतर वाचलं, डेन्मार्कच्या पेशंटचा एक अभ्यास २०१३ मधे आला होता, त्यात अल्सर फुटल्यावर ऑपरेशनला एकेक तास उशीर झाला की वाचायची शक्यता सरासरी २.४ टक्क्यांनी कमी होत गेलेली दिसली. आमचे आधीच आठ तास गेले होते. एखाद्या ठिकाणाला मार्क द्यायचे तर ते मी याच गोष्टीवर देईन, की रात्री तीनला तिथे सर्जन जागा आहे का.

दुर्बिणीने करा ना असं माझ्या चुलतभावाने विचारलं. लवकर आलेल्या, बीपी चांगला असलेल्या पेशंटमधे करतातही. बाबांची पल्स खूप वाढलेली, वेळ गेलेला, पोटभर घाण, म्हणून ओपन, बेंबीच्या वरून खालपर्यंत मधोमध चीर.

ऑपरेशन झाल्यावर सर्जन बाहेर येऊन बोलले. ड्युओडेनमच्या पुढच्या भिंतीवर अर्ध्या सेंटीमीटरचं भोक होतं, एवढंसं. ते नुसतं शिवत नाहीत, कारण अल्सरची कड कुजकी आणि सुजलेली असते, टाका ओढला की फाटते. पोटात आतड्यांवर मेदाचा एक पडदा असतो, ओमेंटम, त्याचा रक्तपुरवठा असलेला तुकडा भोकावर आणून वर टाके बांधतात, तो तिथेच चिकटतो आणि भोक भरून येतं. याला ग्रॅहम पॅच म्हणतात, कॅनडातल्या टोरांटोच्या रॉस्को ग्रॅहम नावाच्या सर्जनने १९३७ मधे सांगितलेली पद्धत. तेव्हापासून आजवर टिकलेली आहे याचं मला फार अप्रूप वाटलं. पूर्वी याच्या जोडीला अ‍ॅसिड कमी करायला नसा कापायचं किंवा जठराचा भाग काढायचं मोठं ऑपरेशन करायचे, आता अ‍ॅसिडच्या गोळ्या इतक्या चांगल्या आहेत की बहुतेकांना पॅच पुरतो. भोक बंद करायला फार वेळ लागत नाही, वेळ लागतो धुवायला. कोमट सलाईन ओतायचं, सक्शनने काढायचं, परत ओतायचं, यकृताच्या वर, प्लीहेजवळ, आतड्यांच्या मधे, खाली ओटीपोटात, पाणी स्वच्छ येईपर्यंत. कित्येक लिटर लागतं. पोटाचं हे आतलं अस्तर पसरलं तर अंगावरच्या कातडीएवढं भरतं, म्हणजे पेरिटोनायटिस ही किती मोठी जखम असते ते बघा, आणि तिच्यातून विष रक्तात जातं म्हणून बीपी पडतो, किडनी बसते. ऑपरेशननंतर पोटात दोन ड्रेन, म्हणजे आतलं पाणी बाहेर यायच्या नळ्या, ठेवलेल्या, लाल पाणी येत होतं ते हळूहळू फिकट होत गेलं.

वॉर्डातले पहिले दिवस कठीण असतात, ते आधीच माहीत असलेलं बरं. तोंडाने काही नाही. बाबा ओठ ओले करायला कापूस मागायचे. रोज सकाळी राऊंडला सगळे डॉक्टर येणार, पोटाला स्टेथोस्कोप लावणार आणि विचारणार, "गॅस पास झाला का?" पहिल्यांदा बाबा लाजून आईकडे बघत राहिले. पण त्या वॉर्डात याहून महत्त्वाचा प्रश्न नाही, वारा सरला म्हणजे आतडी चालायला लागली. झाला म्हटल्यावर सिस्टर सुद्धा खूश. मग राइल्स ट्यूब निघाली, चमच्याने पाणी, मग चहा, मग पेज. पेजेचा पहिला घोट घेताना बाबांनी डोळे मिटले होते.

फिजिओवाली मुलगी तीन चेंडूंचं फुंकणी यंत्र घेऊन यायची, म्हणजे खरं तर फुंकायचं नाही, श्वास आत ओढून चेंडू वर उचलायचे. पोट चिरल्यावर दुखतं म्हणून माणूस खोल श्वास घेत नाही आणि न्यूमोनिया होतो, विडीवाल्यांना तर जास्तच. दुसऱ्या दिवशीच उठवून खाटेच्या कडेला बसवलं, मग चालवलं. आईला वाटलं टाके तुटतील. तुटत नाहीत, पोटाला उशी धरून खोकायचं आणि चालायचं. पायात रक्ताची गुठळी होऊ नये म्हणूनही चालणं लागतं. आम्ही बांबोळीच्याच एका मेडिकलमधून पोटाचा पट्टा घेतला, घेताना पेशंटच्या पोटाचा घेर मोजून घ्या, अंदाजाने घेऊ नका.

आमच्या आजूबाजूच्या खाटांवर जे होते त्यांच्यामुळे कळलं की परफोरेशन म्हणजे फक्त अल्सर नाही. एका तरुण मुलाला टायफॉइडने लहान आतड्याला भोक पडलेलं. ताप अंगावर काढला, दुसऱ्या तिसऱ्या आठवड्यात आतड्यातल्या गाठी कुजून फुटतात, नेमकं तेव्हा. त्याला पिशवी लावलेली आणि तो सुरुवातीला कुणाशी बोलायचा नाही. एक सिस्टर रोज त्याच्याशेजारी उभी राहून त्यालाच पिशवी बदलायला लावायची, कातडीवर पेस्ट कशी लावायची, भोक किती मोठं कापायचं, पाणी सुटतं म्हणून ओआरएस किती प्यायचं. जायच्या वेळेपर्यंत तो स्वतः करत होता. अशी पिशवी लहान आतड्याची असेल तर आतलं बरं झाल्यावर साधारण दोन तीन महिन्यांनी दुसरं ऑपरेशन करून आत घेतात. एका आजोबांना माशाच्या काट्याने भोक पाडलेलं! काटा गिळल्याचं त्यांना आठवतही नव्हतं. आपल्याकडे रोज हुमण (माशाची आमटी) खाणारे आपण, बहुतेक काटे निघून जातात, क्वचित एखादा अडकतो. बाकी अपेंडिक्स फुटलेली दोन लेकरं, आणि आतड्याच्या टीबीबद्दलही ऐकलं, भारतात ते अजून बघायला मिळतं. मोठ्या आतड्याचा कॅन्सर पहिल्यांदा असा फुटल्यावरच कळतो अशी माणसंही येतात. कारण कुठलंही असो, आतून उपचार एका सूत्राने चालतात, भोक बंद करा किंवा बाहेर काढा, धुवा, अँटिबायोटिक द्या, शरीराला सावरायला वेळ द्या.

म्हातारे, डायबेटिसवाले आणि स्टेरॉइड चालू असलेले यांच्यात पोट कडक होणं, ताप येणं हे सगळं मंद दिसतं, हे एका डॉक्टरने आवर्जून सांगितलं म्हणून मीही आवर्जून लिहिते. तुमची आजी "थोडंसंच दुखतंय" म्हणाली आणि पोट फुगलंय, खात नाही, सुस्त पडलीय, तर न्या.

खर्चाचं. गोव्यातल्यांना दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड असेल तर सोबत ठेवा, तिघांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख आणि चार किंवा जास्त माणसं असतील तर चार लाखांपर्यंतचं कव्हर आहे. कार्ड नाही म्हणून आमचं काही अडवलं नाही, आधी पेशंट आत, कागद नंतर. सिंधुदुर्ग, कारवारकडून येणाऱ्यांनी लक्षात ठेवा, बाहेरच्या राज्यातल्यांना २०१८ पासून काही शुल्क लागतं, आपल्या राज्याच्या योजनेचं कार्ड आणि आधार आणा. इतक्या लांबून माणसं येतात म्हटल्यावर वॉर्ड भरलेला असणारच, एका पेशंटजवळ एकच नातेवाईक राहा, बाकीच्यांनी घरी राहून डबा पाठवा, सिस्टरना काम करायला जागा मिळते. रात्री बसणाऱ्याने चादर, चार्जर आणि सुटे पैसे ठेवावेत. कदंबाच्या (गोव्याच्या सरकारी) बसेस थेट हॉस्पिटलच्या दारात येतात त्यामुळे गाडी नसली तरी अडत नाही.

ज्यांना सरकारी म्हटलं की शंका येते त्यांच्यासाठी, ही संस्था पोर्तुगीज काळात १८४२ ला एस्कोला मेडिको सिरुर्जिका म्हणून सुरू झाली, आशियातल्या सगळ्यात जुन्या मेडिकल शाळांपैकी एक. पण मला इतिहासापेक्षा त्या पोरीचा कोमट केलेला हात जास्त लक्षात आहे. एसी रूम, सोफा, टीव्ही इथे शोधू नका. फुटलेल्या पोटाला ते लागतच नाही. लागतं ते चोवीस तास माणूस, आणि तो तिथे आहे. पाचपैकी पाच.

घरी गेल्यावरचं थोडं. टाके दहाबारा दिवसांनी काढले, खालच्या टोकाला थोडा पू झाला होता, अशा घाण पोटाच्या ऑपरेशनमधे जखम चिघळणं नवीन नाही, ड्रेसिंगने भरली. तीन महिने जड उचलायचं नाही, नाहीतर चिरेच्या जागी हर्निया होतो, म्हणून सिलिंडर आता मी सरकवते. जायच्या वेळी एच पायलोरी नावाच्या जंतूसाठी १४ दिवसांचा कोर्स दिला. बहुतेक अल्सर या जंतूने नाहीतर पेनकिलरने होतात, दोन्ही एकत्र असले तर आणखी वाईट. बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन या ऑस्ट्रेलियन डॉक्टरांनी १९८२ मधे तो शोधला, तोवर सगळे तिखटाला आणि टेन्शनलाच दोष देत होते, २००५ ला त्यांना नोबेल मिळालं. कोर्स पूर्ण करा, मधे सोडू नका. जंतू गेला का याची टेस्ट अँटिबायोटिक संपल्यावर चार आठवड्यांनी करतात, आणि त्याआधी दोन आठवडे अ‍ॅसिडची गोळी थांबवावी लागते, पण ती डॉक्टरांना विचारूनच थांबवा, बाबांना त्यांनी तारीख लिहून दिली होती. टेस्ट निगेटिव्ह आली.

विडी सुटली आहे. गुडघ्यांसाठी आता तिथल्याच ऑर्थोच्या ओपीडीत जातो, व्यायाम दिलेत आणि फारच दुखलं तर पॅरासिटामॉल, बाकी कुठलीही पेनकिलर मेडिकलमधून परस्पर घ्यायची नाही असं डिस्चार्ज कार्डावर लाल पेनने लिहून दिलंय. ऑर्थोबद्दल दोन तीन महिने जाऊ देत, मग वेगळं लिहीन.